दीडशे अक्षरांत नमस्कार

भाचीनं फर्मावलं, "मामा, भाषांतर करायचंय ना तुला? मग चॅनेलवर ये. सगळे तिथंच असतात."

तिथं म्हणजे आयआरसीवर, इंटरनेटवर नुसतं टाइप करून गप्पा मारायच्या एका जुन्या सोयीवर. चॅनेल म्हणजे तिथली एक खोली. मुक्त सॉफ्टवेअरचे मेन्यू आणि सूचना मराठीत आणणारी काही मंडळी आहेत, त्यांचा तो अड्डा. व्हॉट्सॲपवर ग्रुप का नाही, असं मी विचारून पाहिलं. ती म्हणाली, इथे फोन नंबर द्यावा लागत नाही, कुणी ॲडमिन तुला आत ओढत नाही, दार उघडंच असतं. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गच्चीच्या चावीवरून झालेलं महाभारत आठवून मी गप्प बसलो.

आयआरसी १९८८ सालची. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन नावाच्या तरुणानं त्या ऑगस्टमध्ये ती लिहिली. तेव्हा आमच्या चाळीत फोन एकच होता, मालकांकडे, आणि 'तुमचा फोन आलाय' ही हाक तीन जिने चढून यायची. त्या काळातलं यंत्र आज काय चालत असेल म्हणून मी जरा लाडानंच आत शिरलो.

दारातच पहिली ठेच लागली. टोपणनाव देवनागरीत चालेना. मराठीकरणाच्या घरात शिरताना चप्पल रोमनमध्ये काढायची, असा मामला. मग एक नियम कळला. ओळ तिरक्या रेघेनं सुरू झाली तर तो हुकूम, नाही तर ते बोलणं. हुकूम यंत्राला, बोलणं सगळ्यांना. टोपणनाव आपल्या नावावर राखायचा पासवर्ड मी अगदी भाचीनं सांगितला तस्सा टाइप केला. फक्त तिरक्या रेघेआधी चुकून एक जागा सुटली. झालं, हुकमाचं बोलणं झालं आणि माझा पासवर्ड चॅनेलवर सर्वांसमोर जाऊन उभा राहिला. कुणी हसलं नाही. एकानं फक्त लिहिलं, "बदला." त्या एका शब्दात इतका अनुभव होता की, आपण या वाटेनं जाणारे पहिले नाही, हे कळून बरं वाटलं.

पासवर्ड बदलून आलो आणि रीतसर प्रश्न विचारायला बसलो. आता रीतसर म्हणजे काय, हे आमच्या पिढीला शाळेतल्या पत्रलेखनानं शिकवलेलं. सप्रेम नमस्कार. मी ठाण्याहून लिहीत आहे. अमुक वर्षं नोकरी केली, आता वेळ आहे, मराठीची आवड आहे, आपलं काम पाहून आनंद झाला, वडीलधाऱ्यांना नमस्कार (हे लिहिलं नाही, पण बोटांवर आलं होतं). आणि मग शेवटी, संकोचून, प्रश्न.

प्रश्न पोचलाच नाही. आयआरसीची एक ओळ म्हणजे जास्तीत जास्त ५१२ बाइट, आणि त्यातही पाठवणाऱ्याचं आणि चॅनेलचं नाव वगैरे बसवायचं. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत प्रत्येक खुणेला तीन लागतात, काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडायचा तर त्याचे वेगळे. 'राष्ट्र' एवढा एक शब्द लिहिला की एकवीस बाइट गेले. म्हणजे इंग्रजीवाल्याला चारशेच्या वर अक्षरं मिळतात, तिथे आमची गाडी दीडशेच्या आसपास थांबते. काही प्रोग्रॅम लांब ओळीचे तुकडे करून पाठवतात, माझा त्यातला नव्हता. त्यानं जिथे जागा संपली तिथे कात्री लावली. चॅनेलवर पोचला तो नुसता नमस्कार, ठाणे आणि आनंद.

मी उत्तराची वाट पाहत बसलो. यादीत वीसेक नावं दिसत होती आणि एकही हूं की चूं करत नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर इतक्या वेळात दोन अंगठे आणि एक गुलाब आला असता. नऊ मिनिटांनी मी खिडकी बंद केली आणि भाचीला फोन लावला.

"मामा, लोक जेवत होते," ती म्हणाली. "चाळीस मिनिटांनी एकानं विचारलं, प्रश्न काय आहे? तू नव्हतासच."

आणि नव्हतो म्हणजे नव्हतोच. बाहेर पडल्यावर तिथे काय बोलणं झालं, ते परत आल्यावर आपोआप दिसत नाही. यादीतल्या नावांचंही तसंच. बऱ्याच जणांचे संगणक रात्रंदिवस जोडलेले असतात, माणूस झोपलेला आणि नाव जागं. नाव म्हणजे लोकलच्या सीटवर टाकलेला रुमाल. माणूस दारात उभा राहून गप्पा मारत असेल, येईल सावकाश.

हे कळल्यावर मात्र मला ती शांतता ओळखीची वाटायला लागली. संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसणारे म्हातारे पाहिलेत? एक जण विचारतो, "तो डॉक्टर हल्ली कुठे बसतो?" कुणी मानही वळवत नाही. समोरून एक बोट जाते, मागून भेळवाल्याचा तवा वाजतो, कुणाची तरी नातवंडं येऊन पैसे मागून जातात. आणि मग पार टोकाचा कुणी म्हणतो, "राम मारुती रोडला." प्रश्न विचारणाराही तोवर उठून गेलेला नसतो. तो त्यासाठीच बसलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न एका ओळीत टाकला, नमस्काराशिवाय. अंगावर काटा आला, पण टाकला. खिडकी उघडी ठेवून भाजी निवडली, दूध तापवलं. तासाभरानं उत्तर होतं, आणि त्या उत्तराला दुसऱ्यानं घेतलेली हरकत होती, आणि 'चॅनेल'ला वाहिनी म्हणावं की चॅनेलच राहू द्यावं यावर एक छोटी चकमक होती. एकानं घाईत 'वहिनी' लिहिलं होतं. तो मी नव्हतो.

तसे हेही लोक काही साधुसंत नाहीत. २०२१ साली फ्रीनोड नावाच्या आयआरसीच्या जुन्या नेटवर्कच्या ताब्यावरून वाद झाला, तिथले स्वयंसेवक उठले आणि त्यांनी लिबेरा चॅट नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटलं, पुष्कळ चॅनेलं पाठोपाठ तिकडे गेली. गणेशोत्सव मंडळं जवळून पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

आता रोज रात्री दीडदोन तास बसतो. उठताना बाहेर पडायचा हुकूम द्यायचा, आणि त्याच्यापुढे हवं तर एखादा शब्द लिहिता येतो, तो राहिलेल्यांना दिसतो. पहिले काही दिवस मी काहीच लिहीत नव्हतो. मग आजीची आठवण झाली. घरातून निघताना कुणी 'जातो' म्हटलं की ती उंबऱ्यावरून परत बोलवायची.

'येतो' लिहितो. बारा बाइट. त्यावर कुणी 'या' म्हणतं की नाही, ते मला दिसायची सोय नाही.