अर्धवट फुटलेले अंडे

सरपटणाऱ्या पाळीव प्राण्यांच्या माझ्या दवाखान्यात त्या सकाळी एक तरुणी प्लास्टिकचा झाकणबंद डबा दोन्ही हातांत अगदी समपातळीत धरून आली. डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइटवर, म्हणजे ओलावा धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या कणांवर, लेपर्ड गेको या पाळीव पालीची दोन अंडी होती. ही मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते. त्यांपैकी एकातून आदल्या रात्री पिल्लू बाहेर पडले होते. दुसऱ्याच्या मऊ कवचाला पहाटे चीर गेली होती, त्यातून नाकाचे टोक दिसत होते आणि पुढे काहीच घडत नव्हते. "डॉक्टर, ते अडकलंय. कापून बाहेर काढा ना," ती म्हणाली. तिच्या आवाजातली घाई मला पूर्ण समजत होती, कारण सुमारे दीड महिना तिने या अंड्यांसाठी इनक्युबेटरचे तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या आसपास सांभाळले होते.

अंड्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण पाहून मला मनापासून बरे वाटले. पक्ष्यांची अंडी उबवताना फिरवावी लागतात. गेकोच्या अंड्यात मात्र गर्भ सुरुवातीलाच वरच्या बाजूला आवरणाशी जोडला जातो आणि अंडे उलटले तर तो मरू शकतो. त्यामुळे अंडी उचलताना केलेली ती खूण म्हणजे अर्धी काळजी आधीच घेतल्यासारखे असते.

मी अंडे न हलवता चिरेतून बारीक प्रकाश टाकला. आतल्या पातळ पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून लाल, भरलेल्या होत्या आणि पिल्लाच्या घशाजवळ श्वासाची हालचाल स्पष्ट दिसत होती. माझा निर्णय इथेच झाला. कवच फुटल्यानंतर पिल्लू बराच वेळ आतच थांबते, काही वेळा जवळजवळ दिवसभर. बाहेरून पाहणाऱ्याला ते थकलेले वाटते, पण त्या वेळात ते फुप्फुसांनी श्वास घेण्याची सवय करत असते, उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेत असते आणि पडद्यातले रक्तही शरीरात परत घेत असते. या अवस्थेत त्याला ओढले तर बेंबीशी जोडलेल्या वाहिन्या तुटून इतक्या लहान जिवाला न झेपणारा रक्तस्राव होतो. ज्याला आपण मदत समजतो, तीच त्याच्या जिवावर बेतते, हे मी तिला प्रकाशात त्या वाहिन्या दाखवत सांगितले. पाहिल्यावर तिने कापण्याचा आग्रह सोडला.

खरा धोका वेगळाच होता. चिरेच्या कडा कोरड्या पडू लागल्या होत्या. वाळलेला पडदा कातडीला चिकटला की पिल्लू खरोखरच अडकते. मऊ कुंचल्याने कोमट पाण्याचा अगदी हलका ओलावा मी त्या कडांना दिला, नाकपुड्यांवर थेंब जाणार नाही याची काळजी घेतली आणि डबा दवाखान्यातल्या इनक्युबेटरमध्ये ठेवला. दुपारभर अधूनमधून एवढेच काम होते, आणि इतर रुग्ण तपासतानाही माझे मन त्या डब्यापाशीच होते.

मधल्या वेळेत पहिल्या पिल्लाकडे पाहिले. गडद पट्ट्यांचे, चपळ आणि हात जवळ नेताच तोंड उघडून किंचाळणारे, म्हणजे उत्तम. मात्र त्याच्या डब्यात तिने प्रेमापोटी क्रिकेट, म्हणजे खाद्य म्हणून वापरले जाणारे जिवंत कीटक, सोडून ठेवले होते, ते मी लगेच काढायला लावले. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले काही दिवस, पिल्लाची भूक बलकावरच भागते. तोवर न खाल्लेले कीटक उलट त्यालाच कुरतडतात. त्याला हवा होता तो ओला टिश्यू पेपर अंथरलेला साधा डबा, उथळ पाण्याचे भांडे आणि लपायला एक ओलसर कोपरा, कारण कोरड्या हवेत बोटांवर कातीची कडी राहतात आणि त्यांनी रक्तपुरवठा तुटून बोटे गळतात. नंतरचे खाद्य त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नसावे आणि त्यावर कॅल्शियमची भुकटी असावी, हेही तिने लिहून घेतले.

संध्याकाळी पडद्यावरच्या वाहिन्या फिक्या पडलेल्या दिसल्या आणि थोड्याच वेळात पिल्लू स्वतःहून बाहेर सरकले. त्याच्या बेंबीला तीन-चार मिलिमीटरचा बलक अजून चिकटलेला होता. तो कापायचा किंवा ओढायचा नसतो. मी पिल्लाला व्हर्मिक्युलाइटचे कण चिकटू नयेत म्हणून ओल्या टिश्यूवर झाकणाच्या लहान डब्यात ठेवले आणि रात्रभर दवाखान्यातच ठेवून घेतले. सकाळी बेंबीवर बारीक सुकलेली खूण तेवढी उरली होती.

"नर की मादी?" तिने न्यायला आल्यावर विचारले. या जातीत ते उबवणीच्या तापमानावर ठरते: २६ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ अंशांना बहुतेक नर आणि मधल्या तापमानाला दोन्ही. तिच्या ३१ अंशांवरून खात्रीने काही सांगता येत नव्हते, आणि अंगावरून ओळखायला काही महिने लागतात.

पण मला आता आईची चिंता होती. एकदा झालेल्या समागमानंतर ही मादी शुक्राणू साठवून पुन्हा पुन्हा अंडी घालू शकते आणि प्रत्येक खेपेला तिच्या शरीरातले कॅल्शियम झिजत जाते. शेपटीतली चरबी उतरली आहे का, असे विचारताच ती थोडी गप्प झाली. नराला तातडीने वेगळे करायला आणि दुसऱ्याच दिवशी मादीला तपासणीसाठी घेऊन यायला मी तिला सांगितले.