आमची वाटचाल : तुकड्या-तुकड्यांतल्या वेळातून

आमची फर्म छोटी आहे. अशोक चौकाजवळ दोन खोल्या, मोजकी माणसं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. सूत किती आलं, बीमवर (ताण्याचं सूत गुंडाळायच्या रुळावर) किती चढलं, कुठल्या मागावर कुणी किती टॉवेल विणले, आठवड्याची मजुरी किती झाली, असा सगळा हिशोब त्यात असतो. चादर आणि टॉवेल या दोन्हींमुळे हे शहर जगाला माहीत आहे, पण त्यामागचा हिशोब बऱ्याच ठिकाणी अजूनही मुनीमजींच्या वहीत आणि जॉबरच्या, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणाऱ्या कारागिराच्या, डोक्यात असतो. तिथेच आमचं काम सुरू होतं.

पहिलं सॉफ्टवेअर मी व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेससाठीच्या जुन्या भाषेत, लिहिलं. जुन्या कारखान्यांचा डेटा त्यातच पडून होता. पुढची आवृत्ती काढणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने 2007 सालीच सांगून टाकलं होतं आणि 2015च्या जानेवारीत सपोर्टही संपला. तरी कारखान्यांचं काम त्यावर बिनबोभाट चाललं होतं. मग 1 जुलै 2017ला जीएसटी आला आणि राज्यातल्या प्रत्येक छोट्या सॉफ्टवेअरवाल्यासारखे आम्हीही बिलांच्या नमुन्यांत बुडालो. त्या काळात पोट भरलं, यापलीकडे सांगण्यासारखं फार नाही.

खरी वाटचाल त्यानंतरची, मुलगी झाल्यापासूनची. "आता कोडिंग मागे पडणार," असं मला जवळच्या अनेकांनी काळजीने सांगितलं. आमची फर्म आज ज्या कामांसाठी ओळखली जाते, ती सगळी या काळातली आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तान्हं मूल घरात असलं की आईला वेळ सलग मिळत नाही, तुकड्यांत मिळतो. सासूबाई मांडीवर घेऊन बसायच्या तेवढा अर्धा तास, दुपारची झोप, रात्री दूध पाजून झाल्यावर थोडं. त्या अर्ध्या तासात मी मजुरीचा प्रोग्रॅम उघडायचे. तो प्रोग्रॅम लांबलचक होता. वरच्या एका ओळीत दर बदलायचा, खाली कुठेतरी तोच दर दुसऱ्या नावाने वापरलेला असायचा. कुठली किंमत कुठे बदलली हे डोक्यात भरेपर्यंत पाळण्यातून आवाज यायचा आणि सगळं पुसलं जायचं. पुन्हा बसलं की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मी तो फोडत गेले. एका तुकड्याने एकच काम करायचं. त्याला लागतं ते सगळं बाहेरून त्याच्या हातात द्यायचं, आणि त्याने आजूबाजूच्या कशालाही हात लावायचा नाही. नग आणि दर दिला की मजुरी परत. मजुरी आणि उचल दिली की हातात पडणारी रक्कम परत. असा एक तुकडा वीस मिनिटांत वाचून, सुधारून, तपासून होतो, आणि उद्या उघडला तरी कालचं काही आठवावं लागत नाही. संगणकशास्त्रात या पद्धतीला फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणतात आणि त्यावर विद्वानांनी भरपूर लिहून ठेवलं आहे. माझ्यापर्यंत ती पाळण्याच्या वाटेने पोहोचली.

मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर मी संध्याकाळी डिप्लोमाच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, दखनी बोलणारी, मराठी बोलणारी अशी सगळी मुलं. एका मुलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, गणितात 'क्ष = क्ष + 1' लिहिलं तर सर चूक म्हणतात. मग इथं कसं काय चालतं?"

ठरलेलं उत्तर मला येत होतं. उजवीकडची किंमत काढायची आणि डावीकडच्या डब्यात ठेवायची. मुलीने मान डोलवली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं, आणि घरी जाईपर्यंत माझंही राहिलं नाही. ज्या भाषेत हे चालतच नाही अशी एखादी भाषा असेल का? शोधताना अरलँग सापडली. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत 1986च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ती टेलिफोन एक्सचेंजसाठी बनवली. तिच्यात बरोबरचं चिन्ह गणितातल्यासारखं वागतं. क्षची किंमत एकदा 5 ठरली की ती 5च राहते, आणि 'क्ष = क्ष + 1' लिहिलं की दोन्ही बाजू जुळत नाहीत म्हणून भाषा तिथेच अडवते. पुढच्या तासाला मी ते फळ्यावर दाखवलं. वर्गाला ज्या गोष्टीचा आनंद झाला, त्याच गोष्टीने मला रात्री जागं ठेवलं.

कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सुताचा साठा हा एकच आकडा होता आणि तो दिवसभर बदलत राहायचा. संध्याकाळी साठा 40 किलो कमी दिसला की मालक विचारायचे, कधी कमी झाला? आकड्याला ते सांगता येत नाही. त्याला फक्त आत्ताचं माहीत असतं. मुनीमजींची वही मात्र सांगते, कारण वहीत खोडायचं नाही ही जुनी शिस्त आहे. नोंद चुकली तर उलटी नोंद करायची. आम्ही ती शिस्त सॉफ्टवेअरमध्ये आणली. आता साठा कुठेच लिहून ठेवत नाही. आवक, जावक, बीम भरणं, वाया गेलेलं सूत, प्रत्येक घटना वेळेसकट लिहितो, आणि साठा हवा तेव्हा त्यांतून काढतो. एका कारखान्यात कामगार आणि मालक यांच्यात मजुरीवरून वाद चालला होता. पडद्यावर पंधरवड्याचा पाढा नोंदीनोंदीने दिसला आणि दोघं शांत बसून हिशोब करायला लागले. माझ्या कामाचं इतकं समाधान मला आधी कधी मिळालं नव्हतं.

हे सगळं आम्ही एलिक्सरमध्ये लिहिलं. जोसे व्हालिम यांची ही भाषा अरलँगच्याच पायावर उभी आहे. तिची 1.0 आवृत्ती 2014 सालची. तिच्यात तेच नाव नव्या किमतीला देता येतं, पण जुनी किंमत जागच्या जागी बदलत नाही. त्या पायाची दुसरी देणगी सोलापूरच्या माणसाला लगेच कळते. मागाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की तो एक माग थांबतो, शेजारचे खडखडत राहतात, आणि जॉबर येऊन तेवढाच चालू करून देतो. अरलँगमध्ये प्रत्येक काम असं वेगळं चालतं. एक कोसळलं तर त्यावर नेमलेला देखरेखदार तेवढंच पुन्हा उभं करतो. आमच्या कारखान्यांत वीज जाते, नेट जातं, एखादा टॅब्लेट खाली पडतो. त्यामुळे बाकीची नोंद आता अडत नाही.

डिझाईनचं काम माझ्या मुलीमुळे सुरू झालं. एका चादर कारखान्यातल्या डिझायनरकाकांनी तिला चौकडीच्या कागदांचा गठ्ठा दिला होता. जेकॉर्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचं, डिझाईन अशाच कागदावर काढतात. एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा, भरलेला चौकोन म्हणजे उचललेला ताणा, उभा धागा. 1804च्या सुमारास जोसेफ मारी जेकॉर्ड यांनी हे पुठ्ठ्यावरच्या भोकांनी मागावर चालवून दाखवलं आणि पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्रासाठी तीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. वर्गात हे सांगताना मला फार अभिमान वाटतो. आपल्या मुलांच्या घरातलं यंत्र संगणकाच्या घराण्यातलं आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

तर मुलीने अर्धा मोर रंगवला, कागद दुमडला आणि खिडकीच्या काचेवर धरून उरलेला अर्धा गिरवला. मग म्हणाली, "आई, चार मोर हवेत. पण मी एकदाच काढणार." मी बघतच राहिले. आमच्याकडे पूर्ण चादरीचे सगळे चौकोन साठवलेले असायचे. किनारीत एक बदल करायचा तर डिझायनरकाका तासभर चौकोन टिपत बसायचे. संगणकशास्त्रज्ञ पीटर हेंडरसन यांनी 1982 सालीच दाखवून दिलं होतं की एक लहान चित्र आणि 'उलटव, फिरव, शेजारी ठेव, वर ठेव' एवढ्या क्रिया पुरतात, आणि त्यांतून मोठं गुंतागुंतीचं चित्र उभं राहतं. आम्ही तेच केलं. आता आमच्या प्रोग्रॅममध्ये मोर एकदाच असतो आणि चादर ही त्याच्यावर करायच्या क्रियांची यादी असते. मोराची चोच बदलली की सगळीकडे बदलते.

सध्या मी प्रोलॉग शिकते आहे. भाषा 1972ची, फ्रान्समधल्या मार्सेची. हिच्यात काय करायचं ते पायरीपायरीने सांगायचं नसतं. काय खरं आहे आणि काय चालत नाही एवढं सांगायचं, वाट ती शोधते. वर्गातल्या दोन मुलांनी तिच्यात कॉलेजचं वेळापत्रक बसवून दाखवलं, तेव्हा मला मागांचं वेळापत्रक दिसू लागलं. कुठली ऑर्डर कुठल्या मागावर लावायची हा टॉवेल कारखान्यातला रोजचा पेच आहे. फणीची, म्हणजे ताण्याचे धागे ओवलेल्या मागाच्या कंगव्याची, रुंदी जुळायला हवी. अंगावर लूप असलेल्या टेरी टॉवेलला जमिनीचा (पायाच्या कापडाचा) आणि लूपचा असे दोन बीम लागतात, ते दोन्ही तयार हवेत. गडद रंगाच्या मागाशेजारी पांढरा टॉवेल लावायचा नाही, रंगीत तंतू उडून त्यावर बसतात.

हे नियम एका ज्येष्ठ जॉबरमामांकडे बसून उतरवून घेते आहे. ते तेलुगूत सुरुवात करतात, मराठीत येतात आणि दर वेळी थांबून म्हणतात, "अक्का, अजून एक राहिलं." ती दोन मुलं आता आमच्याकडे काम करतात आणि नियम उतरवून घ्यायला माझ्याबरोबर येतात. सोलापूरची गड्ड्याची यात्रा झाली की एका कारखान्यात हे बसवायचं ठरलं आहे. त्याआधी मामांची यादी पूर्ण व्हायला हवी, आणि पडद्यावरचा मजकूर मराठीबरोबर तेलुगूतही करायचा आहे.