पाच पिंपं आणि कोथिंबिरीचे वाफे

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. पाऊस थांबला होता, ऊन चटकायला लागलं होतं आणि डेंग्यूचे पेशंट कमी होण्याचं नाव नव्हतं. मी महापालिकेच्या डासांच्या खात्यात आहे. कागदावर नाव मोठं असलं, तरी पुण्यात लोक आम्हाला अजून ‘मलेरियावाले’च म्हणतात. टॉर्च घ्यायचा, साठलेल्या पाण्यात डोकावायचं, अळ्या दिसल्या की पाणी ओतायचं आणि नोटीस फाडायची. वीसेक वर्षं हेच केलंय म्हटलं तरी चालेल.

तक्रार होती कात्रजच्या खालच्या अंगाला, आंबील ओढ्याजवळच्या एका मोकळ्या प्लॉटची. ‘अतिक्रमण, दुर्गंधी, डास’, तिन्ही शब्द एकाच ओळीत. प्लॉट बागेसाठी आरक्षित. बाग काही झाली नव्हती, पण कोणीकोणी रात्रीतून राडारोडा टाकून जायचं. त्यातलीच एक बाजू साफ करून तीन बायकांनी दहा-बारा वाफे केले होते. कोथिंबीर, मेथी, अंबाडी, मांडवावर दोडका आणि कडेला दोन शेवगे. खरं सांगायचं तर, त्या गल्लीतला तेवढाच तुकडा बघण्यासारखा होता.

वाफ्यांच्या कडेला पाच निळी पिंपं. झाकण एकालाही नाही. दोन पिंपांत टॉर्चचा उजेड पडताच अळ्या वळवळत तळाला गेल्या. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. ऑक्टोबरच्या उन्हात अळीचा डास व्हायला आठवडा पुरतो. मी बिगाऱ्याला म्हणालो, “पाचही ओता.”

तिघींतल्या म्हाताऱ्या आजी आडव्या आल्या. “नगं ओतू साहेब, सकाळधरनं हंड्यानं आणलंय.”

“आजी, डेंग्यू होईल. नियम आहे.”

“डास मारा की. पाण्यानं काय केलंय?”

पिंपं ओतली. पाणी वाफ्यात न जाता राडारोड्यात जिरलं. नोटीस लिहायला घेतली, तर पहिलाच रकाना ‘जागामालकाचे नाव’. जागामालक आम्हीच. बिगारी हसला, मलाही हसू आलं, आणि नोटीस तशीच पॅडमध्ये राहिली. प्रकार कोणता, या रकान्यात टाकी, टायर, कुंडी, फ्रिजचा ट्रे, बांधकाम असे पर्याय होते. भाजीचा वाफा नव्हता. ‘इतर’वर खूण केली.

दुपारी दुसऱ्या गल्लीत गेल्यावर लक्षात आलं की डायरी आजींच्या मांडवाखालीच राहिलीय. पाचच्या सुमारास परत गेलो. आजींची सून ओढ्यात उतरली होती. बादली भरून वर आणायची आणि डबड्यानं कोथिंबिरीवर शिंपडायची. ओढ्याचं ते पाणी ज्यानं पाहिलंय त्याला वर्णन नको. दुसऱ्या दिवशी सकाळी जुड्या विकायला जाणार होत्या.

“हे पाणी कशाला घालता?” माझा आवाज चढला.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. “मग कुठलं घालू? चांगलं व्हतं ते तुमी ओतलं.”

मी डायरी उचलली आणि गप्प उभा राहिलो.

मग हळूहळू कळलं. जवळच्याच एका सोसायटीचा वॉचमन सकाळी तासभर बाहेरचा नळ वापरू द्यायचा. तिथून हंडे भरून पिंपं भरायची. हे पाणी फक्त कोथिंबीर-मेथीला. ओढ्याचं पाणी दोडक्याला आणि शेवग्याला. ही वाटणी त्यांना कोणी शिकवली नव्हती. कोथिंबीर लोक कच्ची खातात, ओढ्याचं पाणी तिला घालायचं नाही, एवढं आजींना माहीत होतं. पण आता पिंपं रिकामी, पीक तयार आणि ऊन असं. मी एका डासाच्या मागे लागून शहराच्या ताटात थेट सांडपाणी पोहोचवलं होतं. त्या दिवसाच्या जुड्या न विकण्याचं आजींनी कबूल केलं. दोन वाफे उपटून टाकले. त्याचे पैसे कोणी दिले ते लिहीत नाही.

रात्री घरी आणखी एक गोष्ट डोक्यात आली. एडीसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ती अंडी कोरडी होऊनही महिनोन्महिने तग धरतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणजे पाणी ओतून, कडा न घासता मी अंडी पिंपांतच ठेवून आलो होतो. पाणी गेलं, डास राहिले. हे प्रशिक्षणात मी स्वतः नव्या पोरांना शिकवतो!

दुसऱ्या दिवशी ब्रश, नायलॉनची जाळी आणि पिशवीत अळ्या खाणारे गप्पी मासे घेऊन गेलो. आधी टेमिफॉस, म्हणजे अळ्या मारायचं औषध, सुचवून पाहिलं. ठरलेल्या प्रमाणात ते पिण्याच्या पाण्यातही टाकतात. आजी म्हणाल्या, “औषधाचं पाणी भाजीला? तुमी खाल का?” मी खाल्लं असतं, पण आग्रह धरावासा वाटला नाही. पिंपं आतून घासली, प्रत्येकात पाच-सहा मासे सोडले, तोंडाला जाळी बांधली.

इथं माझं काम संपत होतं. पण पाण्याची गोष्ट संपत नव्हती. बागेच्या माळ्याला विचारलं, तो म्हणाला, आम्ही हिरवळ लावतो, भाजी नाही. जागा ज्यांच्या ताब्यात त्यांना फक्त अतिक्रमण दिसत होतं. अन्न तपासणारे दुकान तपासतात, वाफा नाही. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर होतं. त्या जुडीवर मात्र कोणाचीच नजर नव्हती. ओळखीच्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या शिफारशीप्रमाणे कच्च्या खायच्या भाजीला घालायच्या पाण्यात १०० मिलिलीटरमध्ये विष्ठेतले जंतू १००० पेक्षा जास्त नसावेत. पुढे २००६ मध्ये त्यांनी एकाच आकड्यावर न थांबता अडथळ्यांची साखळी सुचवली. पीक निवडा, पाणी मुळाशी द्या, काढणीआधी काही दिवस पाणी थांबवा, धुऊन विका. मातीचंही त्या म्हणाल्या. राडारोड्यात जुन्या रंगातलं शिसं असू शकतं, पालेभाजी कॅडमियमसारखा विषारी धातू ओढून घेते. तेव्हा वाफे उंच करा, वर खत घाला.

खताचा प्रश्न तक्रार करणाऱ्या सोसायटीनंच सोडवला, तेही नकळत. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, हा २०१६ च्या नियमांतला दंडक. यांनी खताचा खड्डा, म्हणजे पिट, केलेला, पण तयार खत न्यायला कोणी नव्हतं, त्यामुळे पिट भरून वास येत होता. तक्रारीतली ‘दुर्गंधी’ बहुतेक तीच. सेक्रेटरींना मी हे बोललो नाही. एवढंच म्हणालो, खताला गिऱ्हाईक आहे. ते लगेच तयार झाले. नळाचं विचारल्यावर म्हणाले, “पाण्याचं सभेत ठेवावं लागेल.” ती सभा अजून व्हायची आहे. वॉचमनचा तास मात्र चालू आहे. कोणत्या सोसायटीचा, ते विचारू नका.

मी एक दीड पानी टिपण लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, सांगितलेलं नसताना. बाग होईपर्यंत ११ महिन्यांचा तात्पुरता परवाना, एक मोजलेला नळ, वर्षातून दोनदा माती-पाण्याची तपासणी आणि ओढ्याचं पाणी पालेभाजीला घातलं तर परवाना रद्द. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं. युगांडातल्या कंपाला शहरानं २००६ मध्ये शहरातल्या शेतीसाठी असेच नियम केले, त्यात परवानाही आहे आणि कुठे पिकवायचं नाही तेही. साहेबांनी टिपण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “डासांचा यात संबंध काय?” मी पिंपांची गोष्ट सांगितली. त्यांनी ‘अभिप्रायार्थ’ असा शेरा मारून फाइल पुढे पाठवली.

पुण्यात हे नवं आहे असंही नाही. सारसबाग, तुळशीबाग, हिराबाग, या नावांत बागच आहे. मंडईला आज जोतीराव फुल्यांचं नाव आहे. ते घरचे माळी आणि काही वर्षं नगरपालिकेचे सदस्य. मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च नको, तो पैसा शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत झालीच, १८८६ मध्ये. भाजी विकायच्या जागेचा नगरपालिकेनं तेव्हापासून विचार केला. पिकवायच्या जागेचा विषय माझ्यासारख्या मलेरियावाल्याच्या टिपणात यावा, याचं मला अजून नवल वाटतं.

डिसेंबरात फेरीला गेलो. वगराळ्यानं पाचही पिंपं तपासली, एक अळी नाही. कोथिंबीर दोडक्याच्या मांडवाकडून उचलून वरच्या उंच वाफ्यात आली होती. मासे इतके झाले होते की पिंपात काळी रेघ हलल्यासारखी दिसायची.

“साहेब, लई झाल्यात,” आजी म्हणाल्या. “न्हेता का थोडं?”

पुढच्या गल्लीतल्या बांधकामाच्या टाकीत सोडायला मासे हवेच होते. आजींनी त्यांचाच हंडा दिला. “हंडा तेवढा आणून द्या. सकाळी लागतो.”