ग्रामसभेला का येत नाही, असं विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर गेली तीन वर्षं हा प्रश्न मी हसण्यावारी नेत आले. बचत गटाच्या बायका म्हणतात, "ताई, तुम्हीच येत नाही तर आम्ही कशाला यायचं?" निवडणुकीला उभं राहायचंय ती पोरंही विचारतात, त्यांना पुढच्या रांगेत बसायला माणसं हवी असतात. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणतो, "काय गं, दमलीस का?" त्याला मी गुडघ्यांचं कारण सांगते. गुडघे दुखतात हे खरं, पण ग्रामपंचायत माझ्या दारापासून चार मिनिटांवर आहे.

"सगळे चोर आहेत" म्हणून मी घरी बसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं त्यांतला एकही माणूस मी कधी ग्रामसभेत पाहिला नाही. मतदानही मी एकदाही चुकवलेलं नाही. आणि लोकांना राजकारणाचा कंटाळा आलाय, हेही मला पटत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आमच्याकडे मुंबईहून गाड्या भरून माणसं येतात, म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचलून आणतात. एका मताचा हिशोब रात्री दोन वाजेपर्यंत चालतो. तीच माणसं पुढची पाच वर्षं ग्रामसभेच्या दिवशी रानात असतात. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांच्या ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं रद्द केली, कारण जागांचा जाहीर लिलाव झाला होता. आमच्या पारावर त्याची चर्चा झाली तेव्हा एक जण म्हणाला, "पैसा देवळाला जाणार होता ना? मग बिघडलं काय?" म्हणजे सत्तेचं वेड आहे, अगदी बोली लावण्याइतकं आहे. एकत्र बसून कंटाळवाणा हिशोब ऐकायची तयारी तेवढी नाही.

मी तो हिशोब चौदा वर्षं ऐकला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामपंचायत अधिनियमाची प्रत माझ्याकडे होती, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. महिला ग्रामसभा आधी घ्यावी लागते हे आमच्या गावात पहिल्यांदा मी सांगितलं. तेव्हापासून ती होते. म्हणजे आदल्या दिवशी शिपाई वही घेऊन दारोदार फिरतो, "काकू, सही करा, महिला सभा झाली." मी तसल्या वहीवर कधी सही केली नाही. याचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण पुढचं ऐका.

२०२२ चा १५ ऑगस्ट. स्वातंत्र्याला ७५ वर्षं झालेली, घरोघरी तिरंगा, शाळेच्या मैदानात पाय ठेवायला जागा नाही. पोरांना जिलेबी वाटून झाली आणि पाऊण तासात मैदान ओस पडलं. समाजमंदिरात सभा सुरू झाली तेव्हा सवयीनं मी माणसं मोजली. ६४. खिडकीत लोंबकळणारी शाळेची सात पोरं सोडली तर ५७. आमचे मतदार १,९०० च्या आसपास. कायदा म्हणतो, १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी असेल तेवढी माणसं हवीत. म्हणजे १०० हवीत.

मी उभी राहिले. "गणपूर्ती नाही. सभा घेता येणार नाही."

ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, २०२४ पासून नाव बदललंय) चष्मा काढून पुसला. "ताई, दर वेळी एवढेच असतात. घ्या की चालवून."

"दर वेळी चालवून घेतलं म्हणूनच ही पाळी आली."

मागून दोन-तीन टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या. हे लिहायला नको वाटतं, पण आवडल्या.

माझ्या बाजूला आमच्या आळीतली एक मावशी बसली होती. २०१९ च्या पावसात तिची मागची भिंत पडली, तेव्हापासून तिथं निळा कागद लावलेला. त्या दिवशी घरकुलाच्या यादीचा क्रम मंजूर व्हायचा होता आणि तिचं नाव चौथं होतं. तिनं माझा पदर ओढला. "बस खाली. आज यादी हाय." मला वाटलं, बिचारी घाबरली. मी तिला म्हणाले, "मावशी, घाबरू नका. कायदा आपल्या बाजूनं आहे."

सभा तहकूब झाली.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, त्या ओळीखालीही माझी पेन्सिल फिरलेली होती. पण मला वाटत होतं, सभा मोडली की गावाला धक्का बसेल, पुढच्या वेळी लोक धावत येतील. पुढची सभा आठ दिवसांनी, मंगळवारी सकाळी अकराला ठेवली. खुरपणीचे दिवस. मावशी मजुरीला गेलेली. सभेला माणसं अकरा, त्यांतली सात एकाच भावकीतली. दारात शिपायानं वही पुढं केली, "हजेरीची सही." मी केली. सभेला आत जाताना सही करायची, ही चौदा वर्षांची सवय.

यादी वाचली. मावशीचं नाव चौथ्यावरून एकोणिसाव्यावर गेलेलं. कारण काय, तर मुलगा सुरतेला कमावतो. त्या मुलानं सहा वर्षांत तिला एक पैसा पाठवलेला नाही, हे बसलेल्या अकराही जणांना माहीत होतं. मी तावातावानं बोलले. सरपंचबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांचे यजमान शांतपणे म्हणाले, "ताई, नियमानं चालू द्या असं तुम्हीच म्हणाला होतात ना? नियमानंच चाललंय."

मी उठून बाहेर पडले. तेव्हा तो मला मोठा निषेध वाटला होता. नंतर माहितीच्या अधिकारात प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या, नकला काढल्या, पानाला दोन रुपये, सहा पानं. "सदर यादीवर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर." खाली अकरा सह्या. तिसरी माझी. शेवटच्या अक्षराखाली मी एक बारीकशी वेलांटी काढते, तीही स्पष्ट उमटलेली.

सभेनंतर चौथ्या दिवशी मावशी आली. आत आली नाही, पायरीवर बसली.

"ताई, तुझी सही हाय म्हणं त्यावर."

मी समजावू लागले. ही सही हजेरीची असते, ठरावाची नसते, विरोध नोंदवायची पद्धत वेगळी असते, मी विरोध केला होता पण त्यांनी तो लिहिलाच नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सही ती सहीच की." जरा वेळानं उठता उठता म्हणाली, "त्या दिशी पदर वढला हुता तुझा." चहा ठेवते म्हणाले, तर थांबली नाही.

तालुक्याला तक्रार केली. पाच महिन्यांनी उत्तर आलं : ग्रामसभेनं सर्वानुमते ठराव केलेला असल्यानं हस्तक्षेप करता येत नाही. ग्रामसभेचा मान राखा, हे चौदा वर्षं मीच त्या कचेरीला सांगत आले होते. त्यांनी राखला.

तर हे कारण. माझ्या हजेरीमुळे सभा झाली असं कागदावर येत होतं. प्रत्यक्षात ती होत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एका सहीवरून एवढं? दहा वर्षांपूर्वीची मी हेच म्हणाली असती. ती बाई मला अजून भेटते, बहुतेक रात्री. मेंढा-लेखाचं उदाहरण देते. गडचिरोलीतलं ते गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. ही घोषणा बचत गटाच्या फळ्यावर मीच लिहिली होती. ती म्हणते, तिथंही सर्वसहमतीच आहे, मग तिथं का जमतं? मी तिला सांगते, तिथली माणसं सहमती होईपर्यंत बसून राहतात, इथं ती आधी लिहून सह्या मागून घेतात. आणि २००९ मध्ये त्या गावाच्या हातात सुमारे १,८०० हेक्टर जंगल आलं. बांबू तोडायचा की नाही, कुणाला विकायचा, हे तिथं खरोखर ठरतं. आमच्या सभेच्या हातात काय आहे? पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या, निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेल्यांचा आराखडा "आमचं गाव, आमचा विकास" म्हणून छापून येतो आणि आम्ही माना डोलावतो. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं २०१७ ला ठरलं, २०२० ला ते रद्द झालं, २०२२ ला परत आलं. तिन्ही वेळा आम्हाला कुणी विचारलं नाही. मार्च २०२२ मध्ये आमच्या जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला. आपल्याला सदस्यच नाही, हे माझ्या आळीत वर्षभर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिचं म्हणणं, हातात काही नाही म्हणूनच जायला हवं, मागायला. आणि तू गेली नाहीस तर ते अकरा जण आहेतच. यावर माझ्याकडे उत्तर नाही. कधी मी चिडून म्हणते, मी गेले तेव्हाही अकराच होते. ती म्हणते, नाही, तुझ्याशिवाय दहा होते. असलं गणित तिला छान जमतं.

मी जायची थांबल्यावर गावाचं काही अडलं नाही, हेही सांगायला हवं. नळाच्या कामाचा ठराव झाला, रस्त्याचा झाला. पाइप किती इंचाचा, हे विचारणारं कुणी नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. खोटं कशाला बोलू.

मावशीचं घरकुल २०२५ मध्ये मंजूर झालं. फेब्रुवारीत राज्यात एकाच दिवशी २० लाख मंजुरीपत्रं दिली गेली, त्यांत तिचं एक. चौथा नंबर, एकोणिसावा नंबर, माझी गणपूर्ती, त्यांचा ठराव, सगळं एका दिवसात निरर्थक झालं. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जे तीन वर्षं गावानं अडवून धरलं ते वरून एका फटक्यात सुटलं, तर गावानं एकत्र बसायचं ते नेमकं कशासाठी, हे मला कुणी सांगावं.

मावशी मात्र ग्रामसभेला जाते. आता दर वेळी जाते. पुढं बसते आणि वहीवर अंगठा द्यायला नकार देते. "आधी काय लिवलंय ते वाचून दाखवा," म्हणते. शिपाई वैतागतो. ती निरक्षर आहे, त्यामुळे ते जे वाचतात तेच लिहिलेलं असतं का, हे तिला कळायला मार्ग नाही.

मागच्या ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. या वेळी आत येऊन बसली. "येतीस का? तू वाच, मी अंगठा देते."

मी म्हणाले, उद्या पाहुणे यायचेत.

पाहुणे कुणी यायचे नव्हते.