तुम्ही विचारलंत म्हणून: आधी मॉनिटर किती लांब आहे ते सांगा

"लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरांत सगळ्यांत खरं फिजिक्स कुणाचं?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुधा नुकतीच जॉयस्टिक घेतलेली असते. डीसीएस, आयएल-२, फाल्कन बीएमएस ही नावं त्याला पाठ असतात आणि त्यांतल्या एखाद्याबद्दल त्याची ठाम तक्रार असते. विमान वळणात काही कारण नसताना कोसळतं, नाहीतर उतरताना चेंडूसारखं उसळतं, नाहीतर शत्रू दिसतच नाही. मी उलट विचारते, तुमचा मॉनिटर डोळ्यांपासून किती सेंटिमीटरवर आहे? समोरच्याला वाटतं, हिला उत्तर द्यायचं नाही. पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. फिजिक्स खोटं आहे म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याचशा मी नीट खोदून बघितल्या, तेव्हा दोष पडद्याच्या मांडणीत निघाला. त्यांतली पहिली तक्रार माझीच होती.

आधी फिजिक्सचं सांगते. विमानाने कसं उडायचं हे संगणकाने ठरवण्याच्या ढोबळ दोन पद्धती आहेत. एकीत विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडलेल्या बोगद्यात, मोजलेले आकडे तक्त्यांत भरतात आणि दर क्षणी त्या तक्त्यांतून विमानावरचं बळ काढतात. दुसरीत पंखाचे, शेपटीचे, प्रोपेलरचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यावर हवा काय करतेय ते वेगळं काढून बेरीज करतात. एक्स-प्लेन हे सिम्युलेटर या दुसऱ्या पद्धतीसाठी ओळखलं जातं. कुठली पद्धत श्रेष्ठ यावर लोक हिरिरीने भांडतात. मला त्या भांडणात रस नाही, कारण तक्ता चांगला असेल तर पहिली पद्धतही थक्क करते.

एफ-१६ या अमेरिकी लढाऊ जेटचंच घ्या. नासाने १९७९ मध्ये या विमानावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात विंड टनेलमधले आकडे आहेत, आणि अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख समोरून येणाऱ्या हवेला ज्या कोनात भिडतो तो, उणे २० पासून थेट ९० अंशांपर्यंत नेलेला आहे. नेहमीच्या उड्डाणात विमानाचा संगणक २५ अंशांच्या आसपासच पायलटला अडवतो. मग ९० पर्यंत मोजायची गरज काय? गरज आहे, कारण वेग संपवून विमान उभं चढवलं तर ते या कुंपणापलीकडे घसरू शकतं आणि तिथे अडकून बसतं. यालाच डीप स्टॉल म्हणतात.

बीएमएसमध्ये मी हे मुद्दाम करून बघितलं. नाक सरळ आकाशाकडे, वेग उतरत उतरत नाहीसा, मग विमान हळूच पालथं पडल्यासारखं झालं आणि सपाट अवस्थेत खाली बसायला लागलं. नाक सावकाश वर जातंय, खाली येतंय, पुन्हा वर. स्टिक पूर्ण पुढे ढकलली तरी काही फरक नाही. उंचीचा आकडा मात्र भराभर पळतोय. बाहेर पडायचं तर मॅन्युअल पिच ओव्हरराइडचं, म्हणजे संगणकाची आडकाठी बाजूला सारणारं, बटण दाबून धरायचं आणि नाकाच्या डोलण्याशी ताल जुळवायचा: नाक वर निघालं की ओढायचं, खाली निघालं की ढकलायचं. पाळण्याला वेळेवर झोका द्यावा तसं. तिसऱ्या की चौथ्या झोक्याला नाक खाली पडलं ते पडलंच, आणि वेग परत आला. खऱ्या एफ-१६ च्या पायलटांना शिकवतात ती हीच युक्ती. घरातल्या टेबलावर ती जशीच्या तशी लागू पडते, तेव्हा फिजिक्स लिहिणाऱ्यांना मी मनापासून दाद देते.

तेव्हा उत्तर हवंच असेल तर हे घ्या: वर जी तीन नावं घेतली त्यांतलं कुठलंही उघडा, फिजिक्स तुमच्या-माझ्या कौशल्याच्या बरंच पुढे आहे. जिथे खरे आकडे गुप्त आहेत, म्हणजे आजची रडार, क्षेपणास्त्रं, जॅमर, तिथे सगळेच अंदाजाने चालतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता माझी तक्रार. मी स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, उडवत होते आणि प्रत्येक घट्ट वळणात विमान अचानक एका अंगावर उलटायचं. 'अचानक' हा माझा शब्द होता. वेग भरपूर असताना स्टॉल होतोच कसा, म्हणजे पंखावरची हवा सुटून त्याची उचल जातेच कशी, असंही मी म्हणायचे. याचं उत्तर पुस्तकी आहे. स्टॉल वेगामुळे होत नाही, कोनामुळे होतो. सरळ उडताना ताशी १५० किलोमीटरला स्टॉल होणारं विमान ४ जीच्या, म्हणजे वजन चौपट भासवणाऱ्या, वळणात ताशी ३०० ला स्टॉल होतं, कारण हा वेग जीच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. हे मला माहीत होतं. कळत नव्हतं ते इतकंच, की स्पिटफायर आधी सूचना देतं असं जो तो सांगतो, ती सूचना मला का मिळत नाही?

स्पिटफायरच्या पंखाला मुळापासून टोकापर्यंत हलकासा पीळ दिलेला आहे. त्यामुळे हवा आधी मुळापाशी सुटते, ती विस्कटलेली हवा शेपटीवर आदळते आणि सगळं विमान थरथरतं. टोकाजवळचा पंख आणि एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या तिथल्या झडपा, तोवर कामात असतात. म्हणजे कोसळण्याआधी विमान पायलटला हलवून सांगतं, आता पुरे. खऱ्या पायलटला हे पाठीला, मांड्यांना, स्टिकवरच्या बोटांना कळतं. माझी खुर्ची मात्र जागची हलत नाही. माझ्या टेबलावर सिम्युलेटर ही थरथर दोनच वाटांनी पोचवू शकतं, कानातली घरघर आणि पडद्यावरचं चित्र.

माझं चित्र कसं होतं? २७ इंची मॉनिटर, डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर. तेवढ्या अंतरावरून तो माझ्या नजरेची साधारण ४६ अंश रुंदी व्यापतो. त्यात मी एफओव्ही, म्हणजे पडद्यावर जगाचा किती रुंद कोन दाखवायचा तो आकडा, ठेवली होती १०० अंश, कारण सगळा कॉकपिट एका नजरेत दिसला की बरं वाटायचं. १०० अंशांचं जग ४६ अंशांच्या खिडकीत कोंबलं की मधल्या भागातली प्रत्येक गोष्ट खऱ्याच्या जेमतेम एक तृतीयांश दिसते. गनसाइटची, म्हणजे बंदुकीचा नेम धरायच्या वर्तुळाची, थरथरसुद्धा. फिजिक्सने सूचना दिली होती, दर वेळी दिली होती. मी ती चिमुकली करून टाकली होती. वर बाहेरच्या इंजिनांचे आवाज वाढवून पंखाची घरघर बुडवली होती.

मी एफओव्ही ५० वर आणली आणि तेच वळण घेतलं. समोरची काच, गनसाइटचं वर्तुळ, इंजिनाच्या झाकणाची कड, सगळं थरारलं. स्टिक नखभर सैल केली. थांबलं. पुन्हा ओढली. पुन्हा सुरू. त्या कडेवर विमान धरून मी पूर्ण दोन फेऱ्या मारल्या आणि एकदाही उलटले नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी लोकांना आधी मॉनिटरचं अंतर विचारते.

शत्रू न दिसण्याचं कोडंही याच हिशोबात आहे. मेसरश्मिट १०९ या त्याच काळातल्या जर्मन लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे १० मीटर. ५ किलोमीटरवर तो ७ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतो, आणि चांगला डोळा एका कलेचा तपशील ओळखतो. म्हणजे खऱ्या आकाशात तो दिसायला हवा. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ९० अंश एफओव्ही ठेवलीत, तर त्याच विमानाच्या वाट्याला दोन पिक्सेलही येत नाहीत. एफओव्ही ३० वर आणली की सात पिक्सेल येतात, आणि अंशाला साधारण ६० पिक्सेल पडतात. माणसाच्या डोळ्याची ताकद नेमकी तेवढीच धरतात. म्हणून झूम वापरणं ही लबाडी आहे असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. झूम तुम्हाला दुर्बीण देत नाही, मॉनिटरने हिरावलेला तुमचाच डोळा परत देतं.

मग कायम झूम करूनच का उडत नाही? कारण अरुंद खिडकीतून डोळ्यांच्या कडांना काहीच मिळत नाही, आणि विमान जमिनीजवळ आलं की त्या कडाच कामाच्या असतात. उतरताना नजर धावपट्टीच्या टोकावर असते, पण आपण किती झपाट्याने खाली बसतोय हे दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या जमिनीवरून कळतं. एफओव्ही फार मोठी ठेवली तर धावपट्टी दूर आणि लहान दिसते, आपण आहोत त्याहून उंच वाटतो, नाक उचलायला उशीर होतो आणि विमान आदळून उसळतं. फार लहान ठेवली तर बाजूची जमीनच नाहीशी. एका सपाट मॉनिटरवर या ओढाताणीला पक्कं उत्तर नाही. मी जॉयस्टिकच्या अंगठ्याखालच्या चाकावर झूम बसवलं आहे आणि दिवसभर ते फिरत असतं. शोधताना अरुंद, लढताना मधलं, उतरताना किंचित रुंद. तीन मॉनिटर लावले तर बरंच सुटतं. पण बाजूचे मॉनिटर ज्या कोनात वळवले आहेत त्याच कोनातून त्यांचं चित्र काढायला सिम्युलेटरला सांगता आलं पाहिजे. एकच सपाट चित्र तिन्हींवर ताणलं तर कडेचं विमान रबरासारखं लांबतं आणि त्याच्या अंतराचा अंदाज साफ चुकतो.

व्हीआर हेडसेटमध्ये ही कटकट मुळातच संपते. तिथे जग खऱ्या मापाचंच असतं. पहिल्यांदा हेडसेट घालून मी १०९ मध्ये बसले तेव्हा दोन्ही कोपर आपोआप अंगाशी आले, इतका तो कॉकपिट चिंचोळा आहे. हे मी सपाट पडद्यावर वर्षानुवर्षं बघितलं होतं, पण जाणवलं नव्हतं. मागे बघायचं तर खरोखर मान आणि खांदे वळवावे लागतात, जीच्या ओझ्याखाली पायलटला ते किती जड जात असेल याची कल्पना येते. सपाट मॉनिटरसोबत वापरायच्या, डोक्याची हालचाल टिपणाऱ्या हेड ट्रॅकरवर डोकं दहा-पंधरा अंश वळवलं की कॅमेरा थेट शेपटीपर्यंत पोचतो. ते सोयीचं आहे, पण खरं नाही. उलट बाजूने, बहुतेक हेडसेटमध्ये अंशामागे मिळणारे पिक्सेल अजून डोळ्याच्या ताकदीपेक्षा कमी पडतात. लांबचं विमान आपलं की परकं, हे सपाट मॉनिटरवाला आधी सांगतो. मी पहिल्या महायुद्धातल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांना हेडसेट लावते, जेटसाठी मॉनिटर. हा माझा कौल, तुमचा वेगळा असू शकतो.

आणखी एक गोष्ट पडद्यातच दडलेली असते, ती म्हणजे विलंब. हवेत इंधन भरताना हे लख्ख दिसतं. टँकरच्या मागे तुम्ही काही मीटरवर लटकलेले. विमान जरा वर सरकतं, तुम्ही स्टिक पुढे देता, चित्र तेवढ्यापुरतं मागे राहतं, तुम्हाला वाटतं कमी पडली, म्हणून आणखी देता. आता ते जास्त खाली जातं. दोन-तीन फेऱ्यांत विमान हेलकावे खायला लागतं आणि तुम्ही म्हणता, फ्लाइट मॉडेल घसरडं आहे. मॉनिटर म्हणून टीव्ही लावला असेल तर त्याचा गेम मोड सुरू करा. फ्रेम अडखळत असतील तर ढग आणि सावल्या कमी करा. सुंदर पण अडखळत्या चित्रापेक्षा साधं आणि सुरळीत चित्र केव्हाही जास्त खरं उडतं.

जॉयस्टिकचं थोडक्यात. खऱ्या स्पिटफायरची स्टिक लांब, आपली वीतभर. त्यामुळे आपल्या हाताची तीच हालचाल स्टिकला कितीतरी जास्त अंश वळवते. मूळ विमानातच एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप, अतिशय हलका, मग अशी स्टिक त्याला हिसडे देणार नाही तर काय? सेटिंगमध्ये मधल्या भागाची कर्व्ह, म्हणजे स्टिक किती हलली की विमानाने किती ऐकायचं ते प्रमाण, सौम्य करा, जमलं तर स्टिक लांब करून दोन गुडघ्यांमध्ये बसवा. एफ-१६ ला यातलं काहीच लागत नाही. त्याची खरी स्टिक सुरुवातीला हलायचीच नाही, फक्त हाताचा दाब मोजायची, आणि नंतर पायलटांना जाणीव राहावी म्हणून तिला किंचित हालचाल दिली गेली.

तर तुम्ही विचारलंत म्हणून, पट्टी घ्या. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा, पडद्याची रुंदी मोजा. रुंदीच्या निम्म्याला अंतराने भागा, त्याचा आर्कटॅन (कॅल्क्युलेटरवरचं tan⁻¹, अंशांत) काढा, दुप्पट करा. येईल ती तुमच्या मॉनिटरची खरी एफओव्ही. ती भरा, इंजिनाचा आवाज थोडा खाली घ्या आणि ज्या विमानाबद्दल तुमची तक्रार आहे त्याच विमानात, त्याच वळणात जा. स्टिक सावकाश ओढा. गनसाइट कधी थरथरते आणि त्यानंतर विमान उलटायला किती वेळ जातो, तेवढं मला कळवा.