हरलो

‘हरले का तुझे?’ माझ्या चेहऱ्याकडे बघून बायको विचारते. ‘हरलो,’ मी म्हणतो. तिला हसू येतं ते त्या क्रियापदाचं. ज्या मैदानात मी कधी पाऊल ठेवलं नाही, जिथे कुणाला माझं नाव ठाऊक नाही, तिथल्या अकरा जणांच्या हरण्यात मी स्वतःला कुठून घुसवलं, असा तिचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. माझ्याकडे उत्तर नाही.

संघ मी निवडलेला नाही, हे आधीच कबूल करतो. लहानपणी आतेभावाकडे कॉम्प्युटरवर फुटबॉलचा गेम होता. मोठ्या भावंडांनी मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, लिव्हरपूल आपसांत वाटून घेतले आणि मी शेंडेफळ, म्हणून उरलंसुरलं माझ्या वाट्याला आलं. टॉटनहॅम हॉटस्पर. बोधचिन्ह काय, तर चेंडूवर उभा राहिलेला कोंबडा. ‘हा संघ चांगला आहे का रे?’ मी विचारलं. ‘जुना आहे,’ आतेभाऊ म्हणाला. खोटं बोलला नाही. क्लब १८८२चा आणि इंग्लंडची लीग शेवटची जिंकली ती १९६१मध्ये. पण पदरी पडलं आणि पवित्र झालं. त्या भावंडांपैकी एकाने पुढे दोनदा संघ बदलला, एक जण आता फुटबॉलच बघत नाही. मी अजून कोंबड्यापाशी उभा आहे.

याला लोक निष्ठा म्हणतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. निष्ठेत काहीतरी ठरवलेलं असतं. मी ठरवलं असेलच तर ते हा नाद सोडायचं, आणि तेही बऱ्याचदा. २००६च्या मे महिन्यात लीगचा शेवटचा दिवस होता आणि चौथा क्रमांक, म्हणजे चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेचं तिकीट, आमच्या हातात होतं. आदल्या रात्री हॉटेलात निम्म्याहून जास्त संघाची पोटं बिघडली. सामना गेला, चौथा क्रमांक आर्सेनलला गेला. संशय जेवणातल्या लझान्यावर होता. तपासणीत तो निर्दोष सुटला, विषाणू निघाला. २०१२मध्ये चौथे आलोसुद्धा, तर त्या साली लीगमध्ये सहावा आलेला चेल्सी चॅम्पियन्स लीगचा चषक जिंकून बसला आणि नियमाप्रमाणे आमची जागा त्यांना मिळाली. २०१६मध्ये लेस्टरच्या पाठीमागे पळता पळता निदान दुसरे तरी येऊ असं वाटत होतं. शेवटच्या दिवशी न्यूकॅसलकडून ५-१ हरलो. न्यूकॅसल आधीच खालच्या विभागात ढकलला गेला होता आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं त्यांचे दहाच खेळाडू मैदानात होते. त्या दिवशी मी जर्सी माळ्यावर टाकली. ऑगस्टमध्ये काढली.

मग २०१९ची ती मे महिन्यातली रात्र. अॅमस्टरडॅममध्ये आयॅक्सविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना. पहिला आम्ही ०-१ हरलेलो, इथे मध्यंतराला ०-२. आता एका अर्ध्यात तीन गोल हवेत. घर झोपलेलं, टीव्हीचा आवाज बंद, फोन पालथा. (फोन पालथाच ठेवायचा असतो. आपल्या पडद्यावर चेंडू मैदानाच्या मध्यावर असतो आणि एखादा मित्र ‘गोल’ असं कळवून मोकळा होतो.) मध्यंतरानंतर दहा मिनिटं कशीबशी काढली आणि वैतागून पाणी भरायला स्वयंपाकघरात गेलो. नळ सोडला, आणि इकडे लुकास मोराने गोल केला. बाटली भरून होईपर्यंत दुसरा.

आता जाणकार मंडळींना माझी अडचण कळली असेल. मी कोचावर असताना दोन गोल खाल्ले होते आणि ओट्याशी असताना दोन केले होते. शिकलासवरलेला माणूस आहे मी, मला कार्यकारणभाव कळतो. तरी परत जाऊन कोचावर बसायची माझी छाती झाली नाही. उरलेला सगळा सामना मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात भरलेली बाटली घेऊन उभा राहिलो. तिथून टीव्हीचा डावीकडचा एक तृतीयांश भाग दिसतो. नव्वद मिनिटं झाली, वाढीव पाच झाली. सहाव्या मिनिटाला माझ्या त्या तृतीयांशात आयॅक्सचे पांढरे-लाल खेळाडू एकामागोमाग एक गवतावर आडवे झाले. बंदूक चालवल्यासारखे. त्यावरून मला कळलं की गोल झाला. चेंडू जाळ्यात जाताना मी पाहिलाच नाही. तोंडात हाताची मूठ कोंबली आणि भिंतीला टेकून खाली बसलो. बाटली सांडली ती सकाळी कळली. (अंतिम सामन्याविषयी फार बोलत नाही. पहिल्याच मिनिटात पेनल्टी दिली. संपलं.)

न पाहता पाहण्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, कारण वॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानातला तो पुतळा. प्रेक्षागारात, पंधराव्या रांगेत, १६४ क्रमांकाच्या खुर्चीवर एक ब्राँझचा माणूस बसलेला आहे. खेळाडू नाही, प्रशिक्षक नाही, क्लबचा एक सभासद. चोपन्नाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली. तो सामन्यांना येतच राहिला. शेजारी मुलगा बसायचा आणि समोर काय चाललंय ते सांगत राहायचा. तो गेल्यावर, २०१९मध्ये क्लबने त्याला त्याच्या खुर्चीवर कायमचं बसवलं. मला त्या मुलाचं कुतूहल वाटतं. संघ वाईट खेळत असेल तेव्हा तो बापाला खरं सांगत असेल का? मी असतो तर एखादा गोल पदरचा घातला असता.

पण मूळ मुद्दा क्रियापदाचा. रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी विद्यार्थी त्याच्या नावाचे कपडे जास्त घालत. आणि सामन्याबद्दल विचारलं की जिंकलेल्या सामन्याला ‘आम्ही’ जास्त येई, हरलेल्या सामन्याला ‘ते’. आम्ही जिंकलो, ते हरले. माणसाचा स्वभावच आहे तो.

मराठीत ही गंमत आणखी वाढते, कारण आपल्याकडे दोन ‘आम्ही’ आहेत. आर्सेनलवाल्या आतेभावाला मी ‘आम्ही जिंकलो’ म्हणतो. त्यात तो नाही. समोर स्पर्सचा, म्हणजे आमच्या टॉटनहॅमचा, माणूस भेटला (क्वचित भेटतो, पण भेटतो) की लगेच ‘आपला गोलकीपर’, ‘आपण काल काय खेळलो’. ओळख दोन मिनिटांची, आणि ‘आपण’ मात्र जन्माचं. शिवाय नुसतं ‘हरलो’ म्हटलं तर मी एकटा हरलो की आम्ही सगळे हरलो, हे भाषा सांगतच नाही. मला तर ती सोय वाटते.

आणि या ‘आपण’मध्ये नक्की कोण असतं? खेळाडू तर नव्हेत, ते येतात-जातात. हॅरी केन २८० गोल करून म्युनिकला गेला आणि तिकडे लीग जिंकलासुद्धा. मैदानही नव्हे, आमचं जुनं मैदान २०१७ साली पाडायला घेतलं. मालक तर नव्हेतच नव्हेत. विंबल्डनच्या लोकांना हा प्रश्न जाहीरपणे सोडवावा लागला. २००२मध्ये त्यांचा क्लब उचलून दूर मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली. खेळाडू गेले, करार गेले, लीगमधली जागा गेली. मागे राहिलेल्यांनी गावाच्या मोकळ्या मैदानावर चाचणी लावली, येईल त्याला खेळवून बघितलं आणि आपला एक क्लब उभा केला. इंग्लंडच्या नवव्या पायरीवरून सुरुवात. नऊ वर्षांनी, २०११मध्ये, ते चौथ्या पायरीवर म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये परत पोचले. त्यांना ‘तुझे हरले का’ असं विचारायची माझ्या बायकोची हिंमत झाली नसती.

आता २०२५ची गोष्ट. त्या हंगामात आम्ही लीगमध्ये सतरावे आलो. अठरावा खाली जातो. आणि त्याच हंगामात, २१ मेच्या रात्री, बिल्बाओत युरोपा लीगचा अंतिम सामना खेळत होतो, समोर जवळपास तितकंच बेजार मँचेस्टर युनायटेड. गोल कसला, गोलासमोरच्या गर्दीत चेंडू कुणाकुणाला लागून ब्रेनन जॉन्सनच्या नावावर जमा झाला. दुसऱ्या अर्ध्यात त्यांचा हेडर आत जातच होता, तेवढ्यात आमचा फान द फेन हवेत आडवा झाला आणि रेषेवरून त्याने चेंडू बाहेर लाथाडला. मी अर्थातच स्वयंपाकघराच्या दारात होतो. शिट्टी झाली. १-०. सतरा वर्षांनी पहिला चषक. दहा वर्षं आमच्याकडे खेळलेला सोन कमरेला कोरियाचा झेंडा गुंडाळून तो उचलत होता.

बायको डोळे चोळत बाहेर आली. ‘काय झालं?’

‘जिंकले,’ मी म्हणालो.

तिच्या लक्षात आलं, माझ्या नाही. ‘जिंकले? की जिंकलो?’ मला चटकन सांगता येईना. काहीतरी दुसऱ्याचं आपल्या पिशवीत आल्यासारखं वाटत होतं. तीन-चार दिवस तसंच गेलं. लोकांचे अभिनंदनाचे निरोप आले, आतेभावाने फोन केला, मी पाहुण्यासारखे आभार मानत राहिलो.

रविवारी लीगचा शेवटचा सामना होता. घरच्या मैदानावर, ब्रायटनशी.

‘हरले का तुझे?’ रात्री अंथरूण घालताना तिने विचारलं.

‘हरलो,’ मी म्हणालो. ‘चार-एक.’ आणि दिवा मालवला.