सुपातल्या आठळ्या

सकाळी मागील दारी गेलो, तेव्हा सुपात धुतलेल्या आठळ्या वाळत घातलेल्या दिसल्या आणि तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. आठळ्या आहेत त्या अर्थी फणस फोडला गेला, आणि तोही काल दुपारी मी आडवा झालो असताना, गोठ्यापाशी नेऊन. (गोठ्यात आता गुरे नाहीत, ते असो.) बरक्या फणसाचा वास आजवर कोणाला लपवता आला आहे? तरी वहिनींनी तो लपवू पाहिला, हेच मला लागले.

त्यांना दोष द्यावा, तर तोंड नाही. इलिओस्टोमी झाली, म्हणजे लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून तिथे मळ साठायला पिशवी लावली, त्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मी हट्टाने पाच-सहा गरे जवळजवळ न चावताच गिळले. रात्रभर पिशवी कोरडी, पोटात कळा, आणि पहाटे गाडी करून रत्नागिरी गाठावी लागली. लहान आतडे जिथे पोटाच्या भिंतीतून बाहेर काढलेले असते, तिथे वाट अरुंद असते. फणसाचे तंतू, ओले खोबरे, अननस, करवंदाची साल असे चिवट काही नीट न चावता गेले की तिथेच गोळा होऊन अडते. हे सारे मला पाठ आहे. मग माझ्यापासून लपवायचे ते काय?

केळे मला चालते, साल काढून शिजवलेले सफरचंद चालते, हापूसच्या दोन फोडी सावकाश चावून चालतात. रायवळचा रस तेवढा चाळणीतून गाळून, तोही अर्धीच वाटी घेतो, कारण गोड रस जास्त झाला की साखर आतड्यात पाणी ओढते आणि ते पाणी परत शोषून घ्यायला माझ्याकडे मोठे आतडे उरलेले नाही. तासाभरात पिशवी तुडुंब भरते. पाहुणे मोठ्या प्रेमाने शहाळे आणतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम बेताचे असल्यामुळे उकाड्यात मला जलसंजीवनीच घ्यावी लागते. तिची चव अजून अंगवळणी पडलेली नाही. कोकम सरबत साखर कमी आणि मीठ थोडे अधिक घालून वहिनीच करून देतात, न मागता. त्याच वहिनी फणस मात्र गोठ्यामागे नेतात.

संध्याकाळी न राहवून विचारलेच. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "भावजी, तुमच्यासमोर खायला जिवावर येतं हो." यावर रागवावे कसे? मुकाट्याने फणस हुंगला म्हणून पिशवी काही अडत नाही, असे मी म्हटले, तेव्हा त्या हसल्या आणि मग मलाही हसू आले.

उद्या परसातला दुसरा फणस ओटीवर मीच फोडणार आहे. गरे काढण्यात माझा हात धरणारे या घरात अजून कोणी नाही. अडचण एवढीच, की चीक सुटायला हात खोबरेलात माखावे लागतात, आणि उद्याच पिशवी बदलायची आहे, जिची चकती कातडीला जरासे तेल लागले तरी धरत नाही. तेव्हा आधी पिशवी आणि मग फणस.